जयवंताबाई बसल्या की गाडी बंद

तेलंगणातल्या इचोड्यात हायवेला लागून दौलत वायरिंगवाल्याचं दुकान आहे. ते शोधायला पाटी वाचायची गरज नाही. टायरवाल्याच्या आणि धाब्याच्या मधून कोणीतरी कोणाला तरी मराठीत झाप झाप झापतंय असं ऐकू आलं, की समजायचं, हेच दुकान. झापून घेणारं माणूस दिसत नाही म्हणून नवखा गोंधळतो. माणूस नसतंच तिथं. दौलत गाडीशी बोलत असतो. ट्रकवाल्यांशी त्याची हिंदी, बसच्या ड्रायव्हरांशी तेलुगू, आदिलाबादहून कोणी साहेब आला तर अदबशीर उर्दू. मराठी मात्र घरच्यांसाठी, आसपासच्या गाववाल्यांसाठी आणि गाड्यांसाठी, म्हणजे ज्यांच्यावर मनापासून रागावता येतं त्यांच्यासाठी.

पन्नाशी उलटलेला गडी. अंगानं काडी, आवाजानं ढोल. डाव्या मनगटात वायरींवर गुंडाळायच्या काळ्या टेपचा वेढा बांगडीसारखा कायम अडकवलेला, लग्नकार्यातही तो काढायचं लक्षात राहत नाही. पुतणीच्या लग्नात आहेर देतानाच्या फोटोत नवरी-नवरदेवापेक्षा तो वेढाच ठळक आला, आणि त्यावरून त्याची बायको शुभांगी अजून बोलते.

तरुणपणी हा ट्रकांमध्ये गाण्याचे टेप बसवायचा, रंगीत दिव्यांच्या माळा सोडायचा, रिव्हर्स घेताना देवाचं गाणं वाजवणारे भोंगे जोडायचा. सुखाचा धंदा होता. वायर लाल की काळी एवढं कळलं की झालं. मग गाड्या शिकल्या-सवरल्या. त्यांच्या पोटात कॉम्प्युटर आले, समोरच्या पाटीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, पिवळेलाल दिवे आले, इंग्रजी सूचना आल्या. दौलतनं वर्षभर अशा गाड्या दारातूनच हाकलल्या. "टीव्हीवाल्याकडं न्या, मी मोटारीचं काम करतो!" म्हणून खेकसायचा. शेवटी शुभांगी म्हणाली, "गाडी शिकली आन तुमी नाई शिकले, त्यात गाडीचा काय दोष?" हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. काही दिवस घरात तोंड फुगवून बसला, मग एके दिवशी हैदराबादेला गेला आणि गाडीला जोडायचं स्कॅनर मशीन घेऊन आला. इंग्रजी अडलं की पोरांना विचारायचा, पोरं हसली की त्यांनाही झापायचा. पण शिकला. नुसता शिकला नाही, त्यानं त्या दिव्यांना आपली नावंसुद्धा देऊन टाकली. पिवळा दिवा म्हणजे हळद, लाल म्हणजे कुंकू. हळद लागली तर सावकाश घरी या, कुंकू लागलं तर जिथल्या तिथं थांबा. आता उटनूरपासून आदिलाबादपर्यंतचे ड्रायव्हर फोनवर हेच सांगतात, "दौलतभाऊ, सकाळपासून हळद लागून हाय, काय करू?"

त्याचा खरा वैरी म्हणजे येऊन-जाऊन असणारा बिघाड. त्याला तो 'पाहुणा' म्हणतो. गाडी रस्त्यावर बंद पडते, दुकानात आणली की शहाण्यासारखी चालते. मशीन लावावं तर जुनी रडगाणी दाखवतं आणि वर म्हणतं, आता सगळं ठीक आहे. अशा वेळी दौलत मशीन बाजूला ठेवतो आणि ड्रायव्हरला स्टुलावर बसवून उलटतपासणी घेतो. गाडीत कोण होतं, कुठं बसलं होतं, ऊन होतं का, सामान काय होतं, चहाला कुठं थांबलात. ड्रायव्हर वैतागतात. "गाडी दाखवाले आलो का बयान द्याले?" असं विचारतात. दौलत म्हणतो, "गाडी सगळं सांगते रे बापा. अर्ध तुमी खाऊन टाकता."

या उन्हाळ्यात असाच एक पाहुणा पंढरीच्या व्हॅनमध्ये येऊन बसला.

पंढरी धानोऱ्याचा. दोन वर्षांपूर्वी शेतीला जोड म्हणून नवी कोरी व्हॅन घेतली, आणि गावातून इचोड्यामार्गे आदिलाबादला सवाऱ्या न्यायला लागला. भाजीवाल्या बाया, कचेरीत खेटे घालणारी माणसं, दवाखान्याचे रोगी. गाडी आपल्या लेकरासारखी जपायचा. परतल्यावर रोज झाडून-पुसून, पायपोस उन्हात वाळवून मगच जेवायचा. तर त्या गाडीचं असं व्हायचं, की चालता चालता एकदम पाटीवरचे सगळे दिवे पेटायचे. इंजिनाचा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा, सगळे. हळद आणि कुंकू एकदमच. मग ताकद जायची, गाडी बैलानं पाय रोवावेत तशी अडायची आणि बंद. अर्धा-पाऊण तास उन्हात सगळ्यांनी घाम पुसत उभं राहायचं. मग आपोआप चालू, जसं काही झालंच नाही.

कंपनीच्या वर्कशॉपनं गाडी ठेवून घेतली, नीट तपासली, फिरवून पाहिली. त्यांच्याकडं ती एकदाही बंद पडली नाही. त्यांनी प्रामाणिकपणे तसं सांगितलं. दौलतकडं तीन खेपा झाल्या. त्यानं बॅटरीची टोकं घासली, इंजिनाची अर्थिंग नव्यानं कसली, फ्यूज एकेक करून पाहिले, निर्मल शहराच्या बाजूच्या घाटापर्यंत रिकामी गाडी दामटून आणली. काही नाही. तिसऱ्या खेपेला तर त्यानं छातीठोकपणे सांगितलं, "आता पडली बंद तर मिशी काढून देतो." चौथ्या दिवशी बंद पडली. मिशी राहिली, पण शब्द गेला, आणि दौलत दोन दिवस भाताशीसुद्धा भांडला.

चौथ्यांदा पंढरी आला तो गाडी दाखवायला नव्हे, विकायचा विचार सांगायला आला. दौलतनं त्याला स्टुलावर बसवलं.

"बंद पडते ते रोज पडते का?"

"रोज नाई."

"कोन्त्या दिवशी पडते?"

पंढरी खाली पाहायला लागला. "भाऊ, बोलाले नाई पाह्यजे. पन लोकं म्हनून राह्यले... त्या जयवंताबाई बसल्या की बंद पडते. सोमवारी आन गुरुवारी. बाकीच्या दिवशी हे गाडी खटखट चालते."

 दौलतच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की पंढरीला वाटलं उन्हानं याचं डोकं फिरलं.

"अरे भल्या मानसा! हे पयले काऊन नाई सांगतलं? मी उगाच रिकामी गाडी घाटात पळवत बसलो!"

"म्हंजे तुमी बी मानता? पांढरा पाय?"

"पांढरा-काळा मी काय बी मानत नाई. बाई बसली की पाहुना येते, एवढं मानतो. म्हंजे पाहुन्याचा पत्ता बाईपाशी हाय. गुरुवारी मले गाडीत घे. त्या बाई जिथं बसतात तिथंच बसव त्याईले, मी मागून पाहतो."

पंढरीचा आवाज आणखी खाली गेला. "त्या येत नाईत आता. ह्या सोमवारी आल्या नाईत. मी दारापुढं भोंगा वाजवला, तर आतूनच म्हनल्या, जाय बापा, तुह्या सवाऱ्याईले उशीर होते."

जयवंताबाई कशासाठी आदिलाबादला जातात हे दौलतला माहीत नव्हतं. पंढरीनं सांगितलं. दोन्ही किडन्या थकल्या आहेत. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. नवरा नाही, मुलगा हैदराबादेत रखवालीला. पाय सुजतात म्हणून बसमध्ये चढता येत नाही, मशीनवरून उठल्यावर तर उभंही राहवत नाही. म्हणून ही व्हॅन, आणि पाय सोडून बसता यावं म्हणून ड्रायव्हरशेजारची, डाव्या दाराकडची जागा.

"आन मशीनवर गेलंच नाई तर?"

"तर काय भाऊ. तोंडावर सूज आली हाय, असं शेजारची सांगत होती."

मघाचा आनंद गेला कुठल्या कुठं. दौलत इतका भडकला, की टायरवाला उठून पाहायला आला. कोणावर भडकला होता हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पंढरीवर, सवाऱ्यांवर, आणि तीन खेपा हात हलवत परत आला त्या स्वतःवर तर सगळ्यात जास्त. "एक वायर सापडत नाई म्हनून बाई मरायची का?" तो ओरडला.

बुधवारी दिवस कलताना दौलत धानोऱ्याला जयवंताबाईंच्या अंगणात जाऊन उभा राहिला. बाई खाटेवर बसल्या होत्या. पासष्टीच्या, उंच हाडाच्या, पण आता पावलं आणि चेहरा भरून आलेला. हातावर मशीनच्या सुयांच्या खुणा.

"म्या नाई येत," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "लोकाईची कामं असतात. कोनाची भाजी सुकते, कोनाची तारीख चुकते. गाडीतले ते केशवराव तर तोंडावरच बोलले, म्हने हा मामला बाईचाच हाय. माह्या एकटीच्या जिवापाई धा लोकाईले काऊन उन्हात उभं करू?"

"बाई, तुमी बसल्याबिगर गाडी बंद पडत नाई," दौलत म्हणाला.

"तेच तर म्हनून राह्यली."

"आन गाडी बंद पडल्याबिगर मले बिघाड सापडत नाई! म्हंजे आता मलेच तुमची गरज हाय. मी तीन डाव हरलो. बाजारात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली. एक डाव बसा. माह्यासाठी बसा. जशा रोज बसता तशाच, सोबत जे नेता ते न्या, जे करता ते करा, काय बी बदलू नोका."

कित्येक दिवसांत बाईंना गाडीत बसा म्हणून आर्जव करणारा हा पहिलाच माणूस. त्यातून बोलतोय असा, जसा भांडायला आलाय.

"लोकं बोलतीन."

"मी हाव ना. माह्यापुढं कोनाचा आवाज निंगते पाहू."

हे मात्र खरं होतं, आणि बाईंना पहिल्यांदा हसू आलं. उद्या येते म्हणाल्या. एकदाच, तपासणीपुरती.

गुरुवारी सकाळी व्हॅन इचोड्यावरून निघाली तेव्हा जयवंताबाई पुढं डाव्या दाराशी होत्या, आणि त्यांच्या मागच्याच सीटवर दौलत मांडीवर मशीन घेऊन वाकून बसला होता. मशीनची वायर पुढं पंढरीच्या पायाशी जोडलेली. दौलतच्या बाजूला केशवराव, तहसील कचेरीतून रिटायर झालेले, धोतर-टोपीतले, शेताच्या एका जुन्या तंट्याची मिसल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, पिशवीत घालून कचेरीत जाणारे. मागं भाजीच्या पाट्या घेतलेल्या तीन-चार बाया. बाईंना पाहून सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. केशवरावांनी खाकरून "आज पुन्हा तजुर्बा घ्यायचा म्हणा" असं खिडकीबाहेर पाहत म्हटलं. दौलतनं त्यांच्याकडं असं वळून पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

पंधरा-वीस किलोमीटर काही झालं नाही. मशीनवरचे आकडे शहाण्यासारखे. बाहेर मे महिन्याचं ऊन सकाळीच चटके देत होतं. गुडीहत्नूरला पंढरीनं नेहमीसारखी चहाला गाडी थांबवली, आणि जयवंताबाईंनी पायाशी ठेवलेली प्लॅस्टिकची कॅन पुढं ओढली.

कॅनला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं, सुतळीनं आवळून. रात्री भरून ठेवायची, पहाटे गोणपाट भिजवायचं, की पाणी दिवसभर गार राहतं. आमच्याकडं शेतावर सगळे असंच करतात. बाईंनी स्टीलचा गिलास काढला आणि एकेकाला भरून द्यायला सुरुवात केली. पंढरीला, भाजीवाल्या बायांना, केशवरावांना. मग मागं वळून दौलतला. दौलत घटाघट प्यायला, तोंड पुसलं, दुसरा मागितला.

"फ्रिजच्या तोंडात मारा," तो म्हणाला. बाईंचा सुजलेला चेहरा त्यावर उजळला. मग त्यांनी सुकत आलेल्या गोणपाटावर पाण्याच्या दोन-तीन ओंजळी शिंपडल्या, कॅन पुन्हा पायाशी डाव्या कोपऱ्यात, दाराच्या खालच्या बाजूला लावून ठेवली, आणि गाडी निघाली.

गाव मागं पडून जरा वेळ झाला असेल, आणि पाटीवर जत्रा भरली. पिवळे, लाल, सगळे दिवे. मशीनवर यादीच्या यादी सरकायला लागली: याच्याशी संपर्क तुटला, त्याच्याशी संपर्क तुटला. गाडीनं दोन गचके दिले आणि रस्त्याच्या कडेला मान टाकली.

मागून एकीनं "आलं का आता" असं पुटपुटलं. जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. "सांगतलं होतं ना बापा," त्या दौलतला म्हणाल्या. "पाह्यलं ना आता? मले उतरू दे. मी इथंच बसतो झाडाखाली. तुमी जा."

"उतरू नोका! हलू बी नोका!" दौलत ओरडला आणि उडी मारून खाली उतरला. बोनेट उघडलं, बॅटरी पाहिली, ठीक. फ्यूज पाहिले, ठीक. गाडीला एक सणसणीत वाक्य हासडलं. मग मागच्या सीटवरून मघापासून जे जे दिसलं होतं ते मनात एकदा पुन्हा पाहिलं, आणि तो डाव्या दाराशी आला. दार उघडून रस्त्यावर गुडघे टेकले, बाईंच्या पायांपाशी छातीवर आडवा झाला, आणि कॅनच्या मागं हात घातला. पायपोस वरून कोरडा होता. खालचं आच्छादन पिळून घ्यावं इतकं ओलं. त्यानं कडेचं प्लॅस्टिकचं झाकण उचकटलं. आत वायरींचा जाडजूड जुडगा, आणि त्याच्या तळाशी जोड. जोडाचं तोंड हिरवंगार बुरसटलेलं, आणि त्यावरून पाण्याचा थेंब खाली येत होता.

दौलत तसाच पडून राहिला. कोडं सुटलं होतं. सोमवार आणि गुरुवार, गुडीहत्नूरच्या पुढं. मे महिन्याच्या उन्हात अर्ध्या तासात वाळतं, म्हणून आपोआप चालू. आणि घरी गेल्यावर पंढरी सगळं उन्हात घालून खडखडीत करतो, म्हणून कोणालाच सापडत नाही. एरवी असं काही सापडलं की तो रस्त्यावर नाचला असता. आज त्याला नाचावंसं वाटेना. जोड पुसताना त्याला एकच दिसत होतं, की आता हे बाईंना सांगावं लागणार.

त्यानं जोड सोडवला, बुरशी घासून काढली, फवारा मारून वाळवला, शेजारचा अर्थिंगचा नट पॉलिशपेपरनं चकचकीत केला, आणि सगळा जुडगा उचलून वर पाटीच्या पोटात बांधून टाकला. मनगटातला निम्मा टेप त्यात संपला. पंढरीनं चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. दिवे एकेक करून विझले.

"काय निंगालं भाऊ?" पंढरीनं विचारलं. "उंदरानं वायर खाल्ली का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. उंदीर सगळ्यांना पटला असता. बाईंनाही पटला असता. दौलतच्या अगदी ओठांवर उंदीर आला होता. पण उंदीर म्हटलं तर सोमवारी कॅन पुन्हा त्याच कोपऱ्यात बसणार, पाणी दुसऱ्या कुठल्या वायरीत उतरणार, गाडी पुन्हा थांबणार, आणि मग बाई कायमच्या घरी बसणार. खोटं बोलून उपयोग नव्हता. आणि खरं सांगायचं तर दौलतला हळू आवाजात काही सांगताही येत नाही.

"उंदीर नाई," तो म्हणाला. "पानी हाय. गोनपाटाचं पानी खाली झिरपते, तिथं वायरींचा जोड हाय. आजकालच्या गाडीत सगळे पुर्जे त्याच वायरींवरून एकमेकांशी बोलत असतात. तिथं पानी शिरलं की बोलनं तुटते, आन मंग सगळेच बोंबलतात."

जयवंताबाईंनी पायाशी पाहिलं. मग एकेक शब्द उचलल्यासारखा बोलल्या, "म्हंजे मीच. लोकं खरंच बोलत होते." आणि त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. केशवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

झालं! दौलतचा पारा चढला. "कोन कोन प्यालं ते पानी? हात वर करा!" भर हायवेवर, दारात उभा राहून तो ओरडला. "करा म्हंतो ना!" भाजीवाल्या बायांचे हात वर झाले. पंढरीचा झाला. केशवरावांचा सावकाश वर गेला. दौलतनं स्वतःचा हात सगळ्यांत उंच धरला. "मी दोन गिलास प्यालो. इतके दिवस हे बाई तुमाले गार पानी पाजून राह्यली. पितानी कोनाले पांढरा पाय आठवला नाई. गाडी बंद पडली की आठवला! शरम नाई वाटत?"

आवाज विरल्यावर दौलतलाच ओशाळल्यासारखं झालं. तो बाईंकडं वळला आणि त्याच्या मानानं फारच हळू म्हणाला, "पन बाई, तुमाले तर डाक्टरनं पानी प्यायची बंदी केली असन. इतकं वझं उचलून कायले आनता?"

बाईंनी पदरानं नाक पुसलं. "दिवसाचे दोन गिलास म्हंतात. तेवढ्यात गोळ्या बी गिळाच्या," त्या म्हणाल्या. "जीभ टाळूले चिकटते बापा. मंग कोनी दुसऱ्यानं गिलास तोंडाले लावला, त्याच्या गळ्याची घाटी खालीवर झाली, की मले वाटते, माह्याच नरड्यातून उतरून राह्यलं. तेवढ्यासाठी आनतो. आता नाई आननार."

  दौलत उगाच दाराची कडी तपासायला लागला.

तेवढ्यात केशवराव उठले. धोतराचा सोगा सावरत खाली उतरले, वळसा घालून पुढच्या दारापाशी आले आणि बाईंच्या समोर उभे राहिले. सवाऱ्यांमधला हाच माणूस सगळ्यात जास्त बोलला होता, हे त्यांनाही माहीत होतं.

"बाई," ते म्हणाले, "मले एक गिलास पाह्यजे."

बाईंनी कॅन ओढली, गिलास काठोकाठ भरून दिला. केशवरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मान जरा वर केली, आणि सावकाश, एकेक घोट थांबत थांबत, बाईंना दिसेल असं, तळाचा थेंब संपेपर्यंत प्यायले. बाई गळ्याकडं पाहत होत्या. त्यांचे कोरडे ओठ घोटागणिक हलत होते.

मग दौलतनं कॅन उचलून मागं भाजीच्या पाट्यांमध्ये ठेवली, पत्र्याच्या जमिनीवर, जिथं खाली एकही वायर नाही. पंढरीनं गाडी अशी हाणली, की दवाखान्याच्या फाटकाशी बाईंचा नंबर लागायच्या आत पोहोचली.

पंढरी आणि दौलतनं दोन्हीकडून धरून बाईंना उतरवलं. दोन पावलं गेल्यावर त्या थांबल्या आणि वळून, गाडीत बसलेल्या सगळ्यांना मिळून, जरा भीत भीतच म्हणाल्या, "सोमवारी माही जागा ठेवसान का?"

"ठेवतो," केशवराव म्हणाले.